कात्रण परत पाठवते आहे

हजेरी क्रमांक सतरा, उभा राहा.

हो, तुलाच म्हणते आहे. केस पांढरे झाले, नावाखाली ‘सहसंपादक’ छापून यायला लागलं, म्हणून माझ्यासमोर बसून बोलायची सवलत मिळाली असं समजू नकोस. दर्पणदिनाच्या पुरवणीतला तुझा लेख मिळाला. वर चिठ्ठी होती, ‘बाई, अभिप्राय कळवा.’ लेख दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून आणि एकदा लाल पेन घेऊन. कात्रण याच पाकिटातून परत पाठवते आहे. रेघा मोजत बसू नकोस, आधी ऐक.

शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. त्याबद्दल शाबासकी मिळणार नाही, पगार त्याचाच घेतोस. चूक आहे ती दुसऱ्या परिच्छेदात. ‘विकिलीक्स’वाल्या ज्युलियन असांजबद्दल तू लिहितोस, ‘त्याला पत्रकार म्हणावे का, हाच मुळात प्रश्न आहे. त्याचे प्रत्यार्पण व्हावे की नाही हे ठरवायला न्यायालये समर्थ होती. कायदा आपले काम करीत असताना बाहेर गळे काढण्याचे कारण नव्हते. आणि अखेर तो सुटलाच की!’ चार वाक्यं. त्यांत माहिती म्हणावी अशी एकही गोष्ट नाही, नुसते हात झटकल्याचा आवाज आहे. आणि हे छापलंस कधी? ६ जानेवारीला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ज्या दिवशी ‘दर्पण’ काढलं, त्या दिवशी. हारतुरे घेऊन आलास की नाही सत्काराचे? आलाच असशील.

त्या माणसाने नेमकं केलं काय, हे तुझ्या अख्ख्या लेखात कुठेच नाही. ‘गोपनीय कागदपत्रे फोडली’ एवढ्यावर भागवलंस. म्हणजे लग्नाच्या बातमीत नवरानवरीचं नावच नाही. म्हणून मी सांगते.

१२ जुलै २००७, बगदाद. वर अमेरिकेची अपाची हेलिकॉप्टर्स. खाली रस्त्यावर माणसांचा घोळका, त्यात रॉयटर्सचे दोघे. नमीर नूर-एल्दीन हा छायाचित्रकार, वय २२. सईद शमाघ हा त्याचा चालक आणि मदतनीस, वय ४०. खांद्याला अडकवलेला कॅमेरा वरच्यांना शस्त्र वाटला. तोफेचा मारा झाला. नमीर गेला. सईद जखमी होऊन फुटपाथच्या कडेने सरपटत होता. तेवढ्यात एक व्हॅन आली, आतली माणसं त्याला उचलायला उतरली, आणि व्हॅनवरही मारा झाला. सईद गेला, व्हॅनवाला गेला. व्हॅनच्या पुढच्या भागात त्याची दोन लेकरं बसली होती, ती जखमी झाली. हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं होतं, आणि चालवणाऱ्यांचं आपसातलं बोलणं, हसणंही. रॉयटर्सने माहिती अधिकाराखाली ती चित्रफीत मागितली. मिळाली नाही. ५ एप्रिल २०१० रोजी असांजने ती वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांपुढे लावली, तेव्हा त्या दोघांच्या घरच्यांना कळलं की आपली माणसं कशी मेली.

गोळ्या झाडणाऱ्यांवर खटला झाला नाही. चित्रफीत बाहेर काढणाऱ्या चेल्सी मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली (ओबामांनी जाता जाता ती कमी केली), आणि ती लोकांना दाखवणाऱ्या विकिलीक्सच्या प्रमुखावर पुढे त्याच मॅनिंगच्या कागदांवरून १८ आरोप ठेवले गेले. त्यांतले १७ हे १९१७ सालच्या हेरगिरीविरोधी कायद्याखालचे. पहिल्या महायुद्धात हेर पकडायला केलेला कायदा! सगळ्या कमाल शिक्षा एकापुढे एक जोडल्या तर १७५ वर्षं होतात. बेरीज करून बघ, तू गणितात कच्चा होतास.

नमीर आणि सईद हे तुझे कोण लागतात रे? व्यवसायबंधू ना? मग पत्रकारांच्या हक्काच्या दिवशी पत्रकारांसाठी लिहिलेल्या लेखात त्यांच्या नावाला एक ओळ मिळू नये?

आता तुझा तो आवडता प्रश्न, ‘पत्रकार म्हणावे का?’ मार्च २०११ आठवतो? ‘हिंदू’ने विकिलीक्सकडून अमेरिकी वकिलातींच्या भारताविषयीच्या सुमारे ५,१०० तारा मिळवल्या आणि रोज छापायला सुरुवात केली. २००८च्या विश्वासदर्शक ठरावात मतांसाठी पैसे फिरल्याची ती तार आली आणि संसदेत रणकंदन झालं, पंतप्रधान मनमोहन सिंगांना निवेदन करावं लागलं. त्या आठवड्यात मला एक फोन आला होता. ‘बाई, पहिल्या पानावर आलोय, नावासकट!’ कोण बोलत होतं? त्या तारांचा मराठी गोषवारा करून स्वतःचं नाव लावणारा तूच ना? तेव्हा तो गोषवारा पत्रकारिता होता, आणि ज्याने ते कागद आणले, राखले, जगभरच्या वर्तमानपत्रांना वाटले, तो मात्र पत्रकार नाही? आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास. ओढ बापडा. निदान पीठ कुणी दळलं ते तरी विसरू नकोस.

आणि तू एकटाच नाहीस म्हणा. ‘गार्डियन’, ‘न्यू यॉर्क टाइम्स’, ‘श्पीगल’, ‘मोंद’, ‘पाईस’ या पाच मोठ्या पत्रांनी २०१० मध्ये त्याच्याबरोबरीने ते कागद छापले. त्यांच्यातल्या एकाही संपादकाला कुणी बोट लावलं नाही. बातमी छापणं हा गुन्हा नव्हे, असं पाचांनी मिळून पत्र काढलं ते २८ नोव्हेंबर २०२२ला. तोवर असांजला लंडनमधल्या बेलमार्शच्या तुरुंगात साडेतीन वर्षं झाली होती आणि ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी प्रत्यार्पणाच्या आदेशावर सहीसुद्धा केली होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

१८ आरोप तू वाचले आहेस का? नाहीस. वाचले असतेस तर दिसलं असतं की त्यांतले शेवटचे तीन हे निव्वळ प्रसिद्ध केल्याबद्दल आहेत. बाकीच्या बहुतेकांत सूत्राकडून कागद मिळवणं, घेणं, त्यासाठी सूत्राशी संगनमत करणं. मंत्रालयातल्या कुठल्या तरी कारकुनाला चहा पाजून फाईलची झेरॉक्स काढून घेतोस तेव्हा तू दुसरं काय करतोस? ओबामांच्या सरकारने हाच विचार करून हात आखडला होता. असांजला पकडायचं तर ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला कसं सोडायचं, हे कोडं त्यांना सुटेना. पुढच्या सरकारला कोडी सोडवायची हौस नव्हती.

बरं, त्याच्या हातून वावगं काहीच झालं नाही असं मी म्हणते का? मुळीच नाही. २०११च्या सप्टेंबरात त्याने अडीच लाख तारा नावं न खोडता खुल्या केल्या. त्याआधी त्या फाईलीची किल्ली दुसऱ्याच पत्रकारांच्या पुस्तकात छापून गेली होती, हे खरं. तरी माझ्या वर्गात असता तर त्याला त्याबद्दल बाकावर उभं केलं असतं. ज्याने विश्वासाने परक्या वकिलातीत तोंड उघडलं त्याचं नाव झाकायचं असतं, हे बातमीदाराला पहिल्या दिवशी कळायला हवं. पण बाकावर उभं करणं वेगळं आणि १७५ वर्षं कोंडणं वेगळं. त्या नावांमुळे अमुक एकाचा जीव गेला असं सांगायची वेळ मॅनिंगच्या खटल्यात अमेरिकेच्या लष्करी अधिकाऱ्यावर आली, तेव्हा त्याला एकही नाव देता आलं नाही. २०२४ मध्ये शेवटच्या सुनावणीतही न्यायाधीशांनी नोंदवून ठेवलं की या गुन्ह्यात व्यक्तिशः कुणी पीडित असल्याचं सरकारचंच म्हणणं नाही.

स्वीडनमधल्या दोन बायकांची त्याच्याविरुद्धची लैंगिक अत्याचाराची तक्रार मी एक बाई म्हणून हलकी मानत नाही. तूच ती हलकी केलीस, ‘शिवाय चारित्र्याचाही प्रश्न होताच’ असं जाता जाता टाकून. तक्रार २०१०ची. लंडनला जाऊन त्याचा जबाब घेतला गेला तो २०१६च्या नोव्हेंबरात. आरोपपत्र कधीच दाखल झालं नाही, २०१९ला तपास बंद. पुढे अमेरिकेच्या हवाली करणार नाही एवढं लिहून द्या, मी येतो, असं तो म्हणत होता आणि ते कुणी लिहून देईना. त्याची बाजू तडीला लागली नाही, आणि त्या बायकांचीही नाही. यावर लिहिलं असतंस तर मी वाचलं असतं. ‘चारित्र्याचाही प्रश्न’ या दोन शब्दांवर मी लाल शाईने फुली मारली आहे.

नागरिकशास्त्राचं पुस्तक काढ.

प्रत्यार्पणाच्या कायद्यात एक जुना नियम असतो. चोर, खुनी, दरोडेखोर मागा, देऊ. पण राजकीय गुन्ह्यासाठी माणूस मागायचा नाही, मागितला तरी द्यायचा नाही. आपल्या १९६२च्या प्रत्यार्पण कायद्यातही कलम ३१ तेच सांगतं. कारण सरळ आहे. ज्या सरकारचं बिंग फुटलं तेच सरकार फिर्यादी असेल, तर त्याच्या मागणीकडे जरा संशयानेच बघायचं. ब्रिटन आणि अमेरिकेच्या २००३च्या तहातही चौथं कलम हेच आहे. आणि हेरगिरी हा तर राजकीय गुन्ह्याचा अगदी पाठ्यपुस्तकातला नमुना.

मग गंमत बघ. त्याच २००३ साली ब्रिटिश संसदेने जो प्रत्यार्पण कायदा केला त्यात ही ओळ गाळली. ४ जानेवारी २०२१च्या निकालात लंडनच्या न्यायाधीशबाईंनी सांगितलं की तह हा दोन सरकारांतला मामला, माझ्यासमोर कायदा आहे आणि कायद्यात ती सवलत नाही. म्हणजे ज्या तहाच्या जोरावर माणूस मागितला, त्याच तहातलं कलम त्या माणसाच्या कामाचं नाही. त्या दिवशी प्रत्यार्पण नाकारलं गेलं खरं, पण कशासाठी? त्याची मनःस्थिती पाहता अमेरिकेतल्या एकांतवासात तो जीव देईल, एवढ्यासाठी. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर जवळजवळ सगळं अमेरिकेच्या पदरात पडलं. तुम्ही संपादक मंडळींनी दुसऱ्या दिवशी मथळा काय दिला? ‘असांजला दिलासा’. शीर्षकाखालचं वाचायचं असतं, हे मी तुला धड्याच्या बाबतीत शिकवलं होतं. पुढे त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने तोही दिलासा काढून घेतला.

‘न्यायालये समर्थ होती.’ कशाला समर्थ होती ते सांगते. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने अमेरिकेला विचारलं, हा परदेशी नागरिक आहे, तुमच्या राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य याला मिळेल का? कारण अमेरिकेच्या सरकारी वकिलानेच आधी म्हणून ठेवलं होतं की परक्यांना ते मिळत नाही असा युक्तिवाद आम्ही करू शकतो. उत्तर आलं, तो त्या स्वातंत्र्याचा आधार ‘मागू शकेल’. मागू शकेल! तुला आठवत असेल, सहलीच्या वेळी तुम्ही विचारायचात, ‘बाई, आम्हाला यायला मिळेल?’ आणि मी म्हणायचे, ‘अर्ज करता येईल.’ त्याचा अर्थ काय असायचा ते सातवीतल्या पोरांनाही कळायचं. २० मेला लंडनच्या न्यायाधीशांनाही कळला आणि त्यांनी अपिलाची परवानगी दिली. तेही चौदा वर्षं बाहेर लोकांनी गळे काढले, रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ठराव केला, त्यानंतर. कायदा आपलं काम करतो म्हणजे काय, तो काय गिरणी आहे, बटण दाबलं की पीठ?

आता एक जुनी गोष्ट काढते, तुला लागेल अशी. तू सातवीत होतास. वक्तृत्व स्पर्धेत विषय घेतला होतास, मार्सेलिसची उडी. ‘आणि स्वातंत्र्यवीरांनी उडी घेतली’ म्हणताना खरोखरच स्टेजवरून उडी मारलीस, पाय मुरगळून घेतलास. शिपाईमामांनी हळद-चुना लावला. तसाच लंगडत येऊन बक्षिसाची कंपासपेटी घेऊन गेलास. भाषण पाठ होतं. समजलं मात्र काहीच नव्हतं, ते तुझा लेख वाचून आज कळलं.

सावरकर १३ मार्च १९१०ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले. ठेवले ब्रिक्स्टनच्या तुरुंगात. ‘विहारी’ला लंडनची बातमीपत्रं पाठवणारा तो तरुण. खटला लंडनमध्येच चालवा, तिथे ज्यूरी आहे, असं त्याचं म्हणणं. सरकारला तो हिंदुस्थानात हवा होता, खास न्यायासनापुढे, ज्यूरीविना. हत्यार कुठलं वापरलं? १८८१चा फरारी गुन्हेगारांचा कायदा. त्याच्या दहाव्या कलमात लिहिलं होतं की परत पाठवणं अन्याय्य किंवा जुलमी ठरत असेल तर पाठवू नये. वकील त्याच शब्दांवर भांडले आणि हरले. २००३च्या कायद्यात कलम ९१ बघ, तेच दोन शब्द, अन्याय्य किंवा जुलमी. असांजचे वकील एकशे दहा वर्षांनी त्याच शहरात त्याच दोन शब्दांवर उभे होते.

मला फरक कळतो. सावरकरांवर पिस्तुलं धाडल्याचा आरोप होता, याच्यावर कागद छापल्याचा. म्हणजे तुझ्या बाजूने काही बोलायला उलट कमीच उरतं.

८ जुलैला ‘मोरिया’ बोटीवरून ती उडी झाली. फ्रान्सच्या मातीवर पाय लागला होता, तरी फ्रेंच शिपायाने पकडून इंग्रजांच्या हाती दिलं. तेव्हा पॅरिसमध्ये ‘ल्युमानिते’त ओरड कुणी केली माहीत आहे? जाँ लाँगे, कार्ल मार्क्सचा नातू. भगूरच्या ब्राह्मणाच्या पोराशी त्याचं काय नातं? पुढच्या काळात तो पोरगा कुठल्या राजकारणात गेला ते बघता दोघांची तोंडं दोन दिशांना झाली असती. पण लाँगेने असं लिहिलं नाही की ‘त्याला देशभक्त म्हणावे का, हाच मुळात प्रश्न आहे.’ तो एवढंच म्हणत होता की आमच्या भूमीवर आलेला राजकीय माणूस असा उचलून नेता येणार नाही. त्या ओरडीने फ्रेंच सरकारला माणूस परत मागावा लागला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. लवादाने २४ फेब्रुवारी १९११ला सांगितलं की पकडताना गैर झालं, तरी परत द्यायला ब्रिटन बांधील नाही. आणि गंमत म्हणजे त्या निकालाची वाट न बघता इकडे मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. तेव्हाही लंडनच्या क्लबांत कुणीतरी म्हणालं असेलच, कायदा आपलं काम करतोय.

तुझ्या लेखात एक मेख आहे, ती तू लपवली आहेस आणि मला दिसते आहे. तुला असांज आवडत नाही. आढ्यताखोर वाटतो, २०१६च्या अमेरिकी निवडणुकीतलं त्याचं वागणं खटकतं. अरे, मलाही खटकतं! पण अत्याचार झालेला माणूस गोड स्वभावाचा असावा अशी अट कुठल्या कायद्यात आहे? हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून तू मुलाखती घेतोस ना? तो हॉर्निमन कोण होता? ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक, जातीचा इंग्रज. १९१९च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याला उचलून बोटीत घातलं आणि मायदेशी धाडलं, कारण पंजाबात काय चाललंय ते त्याचं पत्र छापत होतं. त्याचा स्वभाव कसा होता ते मुंबईकरांनी तपासलं नाही. बागेला त्याचं नाव दिलं.

राहिलं ‘अखेर तो सुटलाच की’. सुटला. लंडनमधल्या एक्वादोरच्या वकिलातीत आश्रयाला जवळपास सात वर्षं आणि बेलमार्शमध्ये पाच वर्षं दोन महिने काढून, २४ जून २०२४ला विमानात बसला. विमान थेट घरी गेलं नाही. पॅसिफिकमधल्या सायपन बेटावर, अमेरिकेच्या न्यायालयात उतरलं. तिथे त्याने एका आरोपाची कबुली दिली. गुपितं मिळवून प्रसिद्ध करण्याचा कट केला, असा आरोप. कोठडीत काढलेले ६२ महिने हीच शिक्षा धरली आणि तो कॅनबेराला गेला. तीन महिन्यांनी स्ट्रासबुर्गला युरोपच्या संसदसदस्यांपुढे तो स्वतःच म्हणाला की आपण पत्रकारितेची कबुली देऊन सुटलो. ज्या अपिलात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा फैसला व्हायचा होता त्याच्या तारखा ९ आणि १० जुलैच्या होत्या. ते अपील उभंच राहिलं नाही. म्हणजे २०२१च्या त्या निकालातलं वृत्तपत्रांविरुद्धचं सगळं म्हणणं तसंच पडून आहे, १९१७चा कायदा तसाच आहे, आणि त्याखाली प्रसिद्ध करणाऱ्याने दिलेल्या कबुलीचा कागद आता अमेरिकी सरकारच्या कपाटात आहे. याला तू ‘सुटलाच की’ म्हणतोस? प्रगतिपुस्तकात लाल रेघ असलेला पोरगा वरच्या वर्गात ढकलला म्हणजे पास झाला असं मी कधी धरलेलं नाही. तुझ्याबाबतीत एकदा धरलं, सहावीत. त्याचं हे फळ.

बस आता.

कात्रणावर चार वाक्यांखाली रेघा आहेत. ती चारी काढ आणि त्या जागी काय झालं ते लिही. नमीर आणि सईद यांची वयं चुकवू नकोस. तह आणि कायदा यांत घोळ घालू नकोस. वर्तमानपत्रात जागा नाही ही सबब चालणार नाही. त्याच पानावर मोदकाच्या साच्यांची अर्धं पान जाहिरात आहे, मी पाहिली. परतीच्या पाकिटावर तिकिटं लावून ठेवली आहेत, पत्ताही माझ्या हाताने लिहिला आहे. सोमवारपर्यंत वाट बघेन.